रजेचा अर्ज कुणाकडे करायचा?

कचेरी असो, बँक असो की शाळा, नोकरदाराला रजेचे नियम तोंडपाठ असतात. किरकोळ रजा किती उरली, हक्काची किती साठली, आजारपणाची काढायची तर दाखला कुणाचा जोडायचा, हा हिशेब दिवाळी तोंडावर आली की घरोघर चालतो. या सगळ्या रजांच्या मुळाशी एक साधी समजूत आहे. माणसाला मधूनमधून थांबू दिले नाही तर ते मोडते. ही समजूत आपण गिरणीतल्या कामगाराला लावली, कारकुनाला लावली, आणि कुरकुरत का होईना, घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या महिन्यातल्या दोन सुट्ट्याही कबूल केल्या. एक माणूस मात्र अजून तिच्याबाहेर आहे. घरात स्मृतिभ्रंशाचा रोगी असतो आणि त्याला रात्रंदिवस सांभाळणारे जे कुणी असते, ते.

या रोगाला रोग म्हणायचीच मुळी आपल्याकडे पद्धत नाही. साठी बुद्धी नाठी म्हटले, म्हातारचळ म्हटले, की निदान संपले. पण चष्मा कुठे ठेवला ते विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो तेच विसरणे वेगळे. रोगी आधी कालचे विसरतो, मग घराची वाट विसरतो, मग पोटच्या मुलाला विचारतो, "आपण कोण?" रात्री दोन वाजता 'मला घरी जायचंय' म्हणत स्वतःच्याच घराची कडी काढू लागतो. हे वर्ष-सहा महिन्यांत आटोपत नाही. आठ-आठ, दहा-दहा वर्षेही चालते. देशभरच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा, की भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी शेकडा ७.४ जणांना हा रोग आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख. यांच्यातल्या बहुतेकांना घरीच सांभाळले जाते, आणि सांभाळणारी बहुधा बायको असते, सून असते किंवा लेक असते.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असे एक घर आहे. परवा जिन्यात वहिनी भेटल्या. हातात औषधांची पिशवी, चालणे घाईघाईचे. मी आपले सहज विचारले, "काय वहिनी, भाऊबीजेला यंदा नाशिकला ना?"

"अहो भाऊजी, सहा वर्षं झाली नाशिक पाहून. भाऊच येतो इकडे. दारातल्या दारात ओवाळते नि तो जातो. जास्त वेळ बसला की आई बिथरतात, परका पुरुष घरात शिरला म्हणून ओरडतात."

"ब्यूरोची बाई ठेवून पाहिलीत?"

"पाहिली की. दिवसाची एक नि रात्रीची एक म्हटलं तर यांचं सगळं पेन्शन तिथंच संपतं. बरं, नवीन बाई आली की आईंना भीती वाटते, भीती वाटली की त्या मारतात. एक तर तिसऱ्या दिवशी न सांगता गेली." थोड्या थांबून म्हणाल्या, "माझं म्हणाल तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशननंतर काही दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही म्हणतात डॉक्टर. मग आईंना न्हाऊ कोण घालणार? म्हटलं, चालतंय तोवर एका डोळ्यावर चालवू."

हे त्या तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या. भाजीचा भाव सांगावा तसे सांगत होत्या.

अशा वेळी आपल्याकडे एक ठरलेले उत्तर असते. पूर्वी एकत्र कुटुंबे होती, तेव्हा असले प्रश्न नव्हते! मी एकत्र कुटुंबात वाढलो आहे. प्रश्न होते. फक्त ते माजघराच्या पलीकडे ऐकू येत नसत. वीस माणसांच्या घरातसुद्धा अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची घाण काढणारी बहुधा एकच असे, आणि तिला कुणी 'आज तू बस, मी करते' म्हटल्याचे मला तरी आठवत नाही. आता तर दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये म्हातारा-म्हातारी, एक मुलगा हिंजवडीला आणि दुसरा न्यू जर्सीला. पैसे येतात, माणूस येत नाही.

या बाबतीत जपानचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. युरोप-अमेरिकेचे नाव काढले की आपली मंडळी म्हणतात, त्यांचे काय घेऊन बसलात, ते आईबापांना आश्रमात टाकून मोकळे होतात. जपानबद्दल तसे म्हणायची सोय नाही. थोरल्या मुलाने आईबाप सांभाळायचे, म्हणजे प्रत्यक्षात थोरल्या सुनेने सांभाळायचे, ही तिथली जुनी रीत. सावाको आरियोशी या लेखिकेने १९७२ साली यावर कादंबरी लिहिली. नोकरी करणारी सून आणि भ्रमिष्ट झालेला सासरा, एवढीच गोष्ट. धडधाकट असताना सुनेशी कधी सरळ न बोललेला तो सासरा पुढे स्वतःच्या मुलाला आणि मुलीला ओळखेनासा होतो, सुनेला तेवढे ओळखतो. (आमच्या किती वाचक-भगिनींना हे ओळखीचे वाटेल!) कादंबरीच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. घराघरात दाराआड चाललेली गोष्ट चारचौघांत आली. पुढे १९८० साली क्योटो शहरात रोग्यांच्या कुटुंबीयांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि सरकारदरबारी धरणे धरावे तसे मागणे सुरू झाले.

या खटपटींतून १९९७ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २००० पासून तो अमलात आला. त्याला आपण शुश्रूषा-विमा म्हणू. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्गणी भरायची. निम्मा खर्च या वर्गणीतून, निम्मा सरकारी करांतून. घरात कुणाला गरज पडली की नगरपालिकेकडे अर्ज करायचा. पालिकेचा माणूस घरी येऊन ठरलेले ७४ प्रश्न विचारतो, डॉक्टरचे मत घेतले जाते, आणि समिती रोग्याची पायरी ठरवते. अशा सात पायऱ्या आहेत. पायरीप्रमाणे दरमहा किती मदत मिळायची ते ठरते. आठवड्याचे वेळापत्रक लावून द्यायला एक जाणकार माणूस मिळतो, त्याचे पैसे घरच्यांना द्यावे लागत नाहीत. सकाळी गाडी दारात येते, आजोबांना घेऊन जाते. दिवसभर त्यांचे न्हाणे, जेवण, थोडे गाणे-बजावणे, आणि संध्याकाळी गाडी पुन्हा दारात. घरच्यांना परगावी जायचे असेल, स्वतःचे ऑपरेशन करून घ्यायचे असेल, किंवा नुसतेच झोपायचे असेल, तर रोग्याला काही दिवस मुक्कामी ठेवण्याचीही सोय आहे. सलग ३० दिवसांपर्यंत. खर्चाचा दहावा हिस्सा घरच्यांनी द्यायचा, मिळकत जास्त असेल तर पाचवा किंवा त्याहून थोडा जास्त. मुक्कामातल्या जेवणाखाणाचे पैसे वेगळे.

हा कायदा होताना तिथे एक वाद झाला, आणि त्याचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. काही लोक म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, घरी सांभाळणाऱ्या सुनेच्या हातावर सरकारने दरमहा रक्कम ठेवावी. ऐकायला किती बरे वाटते! पण केइको हिगुची आणि त्यांच्या महिला संघटनेने याला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की पैसे दिले की सून जागची हलणार नाही. उलट 'आता तर तुला पगार मिळतो' म्हणून आणखी बांधली जाईल. पैसे नकोत, माणसे द्या, गाडी द्या, जागा द्या. कायद्यात अखेर रोख रक्कम आली नाही. १९९९ साली, कायदा अमलात यायला थोडे महिने उरले असताना, सत्ताधारी पक्षाच्या एका बड्या पुढाऱ्याने मुलांनी आईबापांना सांभाळण्याच्या जुन्या सुंदर चालीचा उमाळा आणून सगळेच मागे ओढायचा प्रयत्न केला. चालीरीतींचा उमाळा पुरुषांनाच का येतो आणि तो बहुधा शुश्रूषेच्याच बाबतीत का येतो, याचे संशोधन कुणीतरी करायला हवे. परिणाम इतकाच झाला, की वृद्धांची वर्गणी पहिले सहा महिने वसूल झाली नाही. कायदा टिकला.

भाषेकडेही त्यांनी लक्ष दिले. या रोगाचे तिथले जुने नाव ज्या अक्षरांनी लिहीत, त्यांचा अर्थ मूर्खपणाकडे झुकणारा होता. २००४ साली सरकारने ते बदलले. आपले 'चळ' अजून चालूच आहे.

आता जपानात सगळे आलबेल आहे असे नाही. ज्येष्ठांची सरासरी वर्गणी सुरुवातीला महिना २,९११ येन होती, ती २०२४ पासून ६,२२५ येनवर गेली आहे. शुश्रूषा करणारी माणसे पुरत नाहीत. आणि कितीही सोय केली तरी उरतेच. २००७ च्या डिसेंबरात ओबू गावी एक ९१ वर्षांचे गृहस्थ दिवसाच्या केंद्रातून घरी आले. सून बाहेरच्या कामात होती, ८५ वर्षांच्या पत्नीचा जरा डोळा लागला. तेवढ्यात ते घराबाहेर पडले आणि आगगाडीखाली सापडले. गाड्या अडकून पडल्या म्हणून रेल्वे कंपनीने कुटुंबावर नुकसानभरपाईचा दावा लावला, आणि खालच्या कोर्टाने २०१३ साली पत्नी व मुलाला सुमारे ७२ लाख येन भरायला सांगितले. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचा डोळा लागला, त्याचे हे बिल! देशभर गहजब झाला. शेवटी १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला जबाबदारीतून मोकळे केले. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसणे कुणालाच शक्य नाही, हे कळायला सरकारांना आणि न्यायालयांना असा वेळ लागतो.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथला शुश्रूषा-विमा १९९५ पासून चालू आहे, आणि तिथे रोख रक्कमही मिळते. पण मला त्यातले एक कलम फार आवडते. कारकून रजेवर गेला की बदली कारकून येतो ना, तसे सांभाळणारे माणूस रजेवर गेले की बदली माणसाचा खर्च विमा देतो. दुसऱ्या पायरीपासून पुढच्या रोग्यांसाठी जुलै २०२५ पासून ही बदली आणि थोड्या दिवसांचा मुक्काम मिळून वर्षाला ३,५३९ युरोपर्यंत धरले आहेत. रजा कशासाठी हवी याचे कारण गंभीर असायला हवे, अशी अट नाही.

आपल्याकडे यातले काय आहे? सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून सरकारी कार्डावर पाच लाखांपर्यंत इलाज मिळू लागला. चांगली गोष्ट आहे. पण तो रुग्णालयात दाखल झाल्यावर. स्मृतिभ्रंशाचा रोगी बहुतेक दिवस रुग्णालयात नसतोच, तो आपल्या बाजेवर असतो. कार्ड त्या बाजेपर्यंत येत नाही. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. १९९९ च्या कायद्याने केंद्र सरकारने राष्ट्रीय न्यास स्थापन केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे, आणि अशा कुटुंबांना थोडा विसावा मिळावा, हे उघड सांगून त्याने 'समर्थ' नावाची योजना काढली. म्हणजे सांभाळणाऱ्यालाही विसावा लागतो आणि त्याचा खर्च सरकारने उचलावा, हे तत्त्व दिल्लीने केव्हाच मान्य केले आहे. फक्त स्मृतिभ्रंश त्या यादीत नाही. तो यादीत घालायला कुठले क्रांतिकारक धोरण लागते, मला समजत नाही. केरळ सरकारने तर २०१४ सालीच, १९९२ पासून याच रोगासाठी झटणाऱ्या एका संस्थेला बरोबर घेऊन, खास राज्य योजना सुरू केली, आणि दिवसभर सांभाळणारे केंद्रही तिच्यात धरले.

महाराष्ट्रात सारे नव्याने उभारायलाही नको. आपल्या शहरांतून ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे आहेत. तिथे सकाळी वर्तमानपत्रे, दुपारी कॅरम, संध्याकाळी भजन. चालते-बोलते ज्येष्ठ तिथे जातात, आणि खुशाल जावोत. पण ज्यांच्या घरच्यांना विरंगुळ्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्या आईवडिलांना तिथे कुणी घेत नाही, कारण सांभाळायला शिकलेले माणूस तिथे नसते. आठवड्यातले दोन दिवस त्यातले एखादे केंद्र या रोग्यांसाठी राखून ठेवले, तर दोन दिवस आणि पाच दिवस यांच्या वाटपावरून ज्येष्ठांत भांडणे होतील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. ती होऊ द्यावीत.

पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवत आली आहे. लोक पदपथ मागतात, दिवे मागतात, बागेत बाक मागतात. त्याच कागदावर मागण्यासारखे म्हणजे: एका दिवशी आठ रोगी घेता येतील एवढी जागा, तीन शिकवून तयार केलेल्या मावशी, एक नर्स, ने-आण करायला एक गाडी, न्हाणीघरात धरायला दांडा, आणि रस्त्याकडच्या दाराला हात पोचणार नाही इतक्या उंचीवर एक कडी.