घामाचे पैसे अडले तर?

परवा दिवेलागणीला शेजारच्या वहिनी आल्या आणि ओसरीच्या कडेला टेकल्या. त्यांचा थोरला मुलगा तालुक्याच्या गावी एका गोदामात महिन्याच्या पगारावर होता. दोन महिने मालकाने पैसे दिले नाहीत. कंटाळून पोराने काम सोडले, तर मालक म्हणाला, "मधेच गेलास, आता पैसे विसर."

"भाऊजी, द्यावं का सोडून? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटले, "वहिनी, सोडायला ते दान आहे का? घामाचे पैसे आहेत!"

मंडळी, दोन एकरांत घर भागत नाही, म्हणून आपली पोरे बाहेर कामाला जातात. तेव्हा कायदा माहीत हवा. मजुरीचे जुने चार कायदे एकत्र करून वेतन संहिता, २०१९ केली गेली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातल्या या गोष्टी ध्यानात ठेवा.

रोजंदारीचे पैसे त्याच दिवशी काम सुटताना मिळाले पाहिजेत. आठवड्याची मजुरी सुट्टीच्या आधी, कामाच्या शेवटच्या दिवशी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. आणि काम सोडले किंवा मालकाने काढून टाकले, तरी कामाच्या २ दिवसांत सगळा हिशेब चुकता झाला पाहिजे. "मधेच गेलास" ही सबब चालत नाही.

पैसे अडले तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. त्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे. अडलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम अधिकारी करू शकतो. मुख्य म्हणजे, पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. मात्र आपण काम केले याचा काही पुरावा जवळ असलेला बरा. म्हणून पोरांना सांगा, रोजची हजेरी, मिळालेली उचल आणि मुकादमाचे नाव एका वहीत लिहीत जा. वकिलाच्या खर्चाची धास्ती नको. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि गरीब कुटुंबे यांना तिथे फुकट वकील मिळतो.

आता दुसरी बाजू. ही संहिता शेतमजुरालाही लागू आहे. पाचपर्यंत मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याला नोंदवह्या ठेवण्याची सक्ती नाही, पण अधिकाऱ्याने विचारले तर मजुरी दिल्याचा पुरावा दाखवावा लागतो. "माल विकला की देतो," असे आपणही खुरपणीच्या बायांना सहज म्हणून जातो. त्यांची चूल मात्र आपल्या बाजारभावासाठी थांबत नाही.

वहिनींच्या मुलाजवळ हजेरीची छोटी डायरी निघाली. सोमवारी जिल्ह्याला जाऊन आम्ही अर्ज देऊन आलो. काय होते ते पुढे कळवीनच.

एक कबुली देऊन थांबतो. वहिनी गेल्या आणि मला आठवले, दोघी बायांची तीन दिवसांची मजुरी माझ्याकडेच राहिली होती. कंदील घेतला आणि आधी ती देऊन आलो. मगच जेवायला बसलो.