गर्दी दारात, गल्ला रिकामा

ईदच्या आधीच्या आठवड्यात कापड दुकानात पाय ठेवायला जागा नसते. थानांवर थाने उलगडली जातात, नोकर थकून जातात, आणि रात्री गल्ला मोजायला बसले की कळते, आलेल्यांपैकी निम्म्यांनी नुसते पाहिले, भाव विचारला आणि निघून गेले. शहाणा व्यापारी अशा वेळी गिऱ्हाइकाला दोष देत नाही. माल मांडण्यात, भाव सांगण्यात की बोलण्यात आपले कुठे चुकले, याचा तो विचार करतो.

इंटरनेटवरच्या दुकानाबाबत मात्र आपण हा विचार करीत नाही. नाशिक, मालेगाव, येवला या भागातील अनेक तरुण आज मोबाइलवरून साड्या आणि ड्रेसचे कापड विकत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु विक्री होईना की त्यांना एकच उपाय सुचतो, तो म्हणजे जाहिरातीवर आणखी पैसे घालणे. माझ्या घरातच हे घडले. वेबसाइटवर दिवसाला शंभरेक माणसे येत आणि एखादाच खरेदी करी. मुलगा म्हणाला, "अब्बा, दोनशे माणसे आणू या." मी विचारले, "जे शंभर आले, त्यांतले नव्व्याण्णव का गेले?" याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते.

हिशेब साधा आहे. शंभरात एक घेणारा असेल आणि आपल्याला दोन हवे असतील, तर एक तर दोनशे माणसे आणावी लागतील, म्हणजे जाहिरातीचा खर्च दुप्पट. नाही तर आलेल्या शंभरांतूनच दोघे घेतील अशी व्यवस्था करावी लागेल. दुसऱ्या मार्गाला पैसा कमी आणि मेहनत जास्त लागते. लहान भांडवलाच्या व्यापाऱ्याने हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आलेले गिऱ्हाईक बहुधा मनातल्या शंकेमुळे परत जाते, आणि शंका दूर करणे हे तर आपले रोजचे काम आहे.

पहिली शंका मालाची. येवल्याच्या पैठणीचेच उदाहरण घ्या. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही यंत्रमागावरची नक्कल बाजारात भरपूर आहे. पारखी गिऱ्हाईक दुकानात आले की आधी पदर उलटा करून पाहते. हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया, वेलबुट्टी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. हे आपल्याला ठाऊक आहे, पण वेबसाइटवर फोटो टाकतो तो फक्त पुढच्या बाजूचा! पदराच्या मागच्या बाजूचा एक स्वच्छ फोटो द्या, उन्हातला खरा रंग दाखवा, लांबी, पन्हा, ब्लाउज पीस आहे की नाही, जर कोणती, हे लिहा. रेशमाला केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून सिल्क मार्क मिळतो, हातमागाच्या कापडाला २००६ पासून हँडलूम मार्क आहे. असेल तर तो दाखवा. आणि माल यंत्रमागाचा असेल तर तसे उघडपणे लिहा. मालेगावच्या यंत्रमागाने लाखो गरीब घरांना अंगभर कापड दिले आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटावी ती यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून विकण्याची.

यातच भाषेचाही प्रश्न येतो. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून उचललेली इंग्रजी वाक्ये आपल्या गिऱ्हाइकाला काही सांगत नाहीत. मी उर्दू शाळेत शिकलो, परंतु आयुष्यभर माल विकला तो मराठीत. सिन्नरच्या बाईला काउंटरवर जे सांगता, तेच तिथे लिहा.

दुसरी शंका पैशाची. इंटरनेटवर जितके लोक माल टोपलीत टाकतात, त्यांतले सुमारे ७० टक्के पैसे न भरताच निघून जातात, असे डेन्मार्कच्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक पाहण्या एकत्र करून सांगितले आहे. कित्येक जण नुसते पाहायलाच आलेले असतात. पण ज्यांना घ्यायचे होते त्यांच्या माघारीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शेवटी अचानक वाढलेला खर्च. साडी बाराशेची सांगायची आणि अखेरच्या पानावर पोच खर्च, पॅकिंग, कर लावून चौदाशे करायचे, तर कोण थांबेल? आपल्या दुकानात असे केले असते तर गिऱ्हाइकाने साडी काउंटरवर आपटली असती. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांचाही रोख हाच आहे. एकूण किंमत एका आकड्यात सांगा आणि त्यात कर किती, पोच खर्च किती, ते वेगळे दाखवा.

तिसरी शंका परतीची. न पाहिलेली वस्तू विकत घेणाऱ्याच्या मनात ही धाकधूक असणारच. आपल्या हनफी फिकहमध्ये यासाठी 'खियार-ए-रुयत' आहे. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर सौदा मोडण्याचा हक्क खरेदीदाराला असतो. शतकांपूर्वी मान्य झालेला हा हक्क आज मोठ्या कंपन्या सवलत म्हणून मिरवतात, आणि आपण मात्र 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही जुनी पाटी वेबसाइटवरही लावून ठेवतो. किती दिवसांत परत घेणार, टपाल खर्च कोणाचा, पैसे केव्हा मिळणार, हे तीन ओळींत लिहा. दुकानाचा खरा पत्ता आणि उचलला जाणारा फोन नंबर त्याखाली द्या. घरपोच रोखीच्या मालाला फोन करून खात्री करून मगच पार्सल काढा, म्हणजे नाकारलेल्या पार्सलांचा भुर्दंडही कमी होईल.

काही जण दुसराच मार्ग सुचवतात. 'फक्त दोन नग शिल्लक' अशी खोटी पाटी लावा, घरच्यांकडून चांगले अभिप्राय लिहून घ्या. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्याला २०२० च्याच नियमांत मनाई आहे. खोटी घाई लावणे, किंमत टप्प्याटप्प्याने वाढवणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, या गोष्टींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी बंदी केली. पण कायदा नसता तरी काय? फसलेले गिऱ्हाईक एकदाच येते. अशा कमाईत बरकत नसते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पुस्तक न वाचता सांगितले आहे.

मोठ्या कंपन्यांपुढे आपला काय निभाव लागणार, असे विचारले जाते. भावात त्यांच्याशी टक्कर देणे कठीण आहे, हे खरे. पण गोदामात बसलेल्या त्यांच्या माणसाला काठ आणि पदर यांतला फरक माहीत नसतो, आणि आपण त्यातच केस पांढरे केले आहेत. ही जाणकारी वेबसाइटवर उतरत नाही, हेच आपले नुकसान आहे.

आम्ही दोन महिने जाहिरात थांबवली आणि फोटो, मजकूर, भाव, परतीच्या अटी नव्याने लिहिल्या. विक्रीचा चमत्कार झाला नाही. पण 'फसवणार तर नाही ना?' असे विचारणारे फोन कमी झाले आणि 'दुसरा रंग आहे का?' असे विचारणारे वाढले. दुकानदाराला या दोन प्रश्नांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही.

प्रत्येकाने एक काम अवश्य करावे. घरातील आईला किंवा बहिणीला साध्या मोबाइलवर आपल्याच दुकानातून एक साडी मागवायला सांगावे आणि मध्ये एक शब्दही न बोलता शेजारी बसावे. ती जिथे अडेल, तिथेच तुमचे गिऱ्हाईक अडते आहे. आधी ती जागा दुरुस्त करा आणि मग खुशाल जाहिरात द्या.