दोन सायलेन्सर, एक सिलिंडर आणि माझे रविवार

“अरे, काकांची गाडी तू नेतोस का? नाहीतर भंगारवाल्याला सांगते.”

काकूंनी हे इतक्या सहज विचारलं, जणू उरलेल्या अळूवड्या डब्यात भरून देऊ का असं विचारत होत्या. पुण्यात आई-बाबांची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. पार्किंग रिकामं करायचंय. आणि तिथे जिन्याखाली, ताडपत्रीत गुंडाळलेली उभी आहे शेजारच्या काकांची १९८९ सालची येझदी रोडकिंग. आता बोला!

ज्यांचा जन्मच १९९६ नंतरचा, त्यांच्यासाठी थोडक्यात. येझदी म्हैसूरला बनायची, आयडियल जावा कंपनीत. १९९६ मध्ये ते दुकान बंद झालं. रोडकिंग म्हणजे २५० सीसीची टू-स्ट्रोक. सिलिंडर एकच, सायलेन्सर मात्र दोन! आणि खरी गंमत म्हणजे, किक मारायची तोच लिव्हर पुढे ढकलला की गिअरचा. लहानपणी काका गाडी चालू करायचे तेव्हा आम्ही पोरं ही जादू बघायला जिन्यात बसायचो. २०२२ मध्ये येझदी हे नाव बाजारात परत आलं, पण त्या फोर-स्ट्रोक गाड्या. त्यांचं इंजिन वेगळं, त्याचे पार्ट हिला चालत नाहीत.

काकूंना पैसे नकोच होते. पण न्यू जर्सीतल्या मुलाने फोनवर आकडा सांगितला. पंचवीस हजार. हात शिवशिवायला लागले. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “आरएक्स आठवतेय ना?”

आठवतेय. न आठवून सांगतो कोणाला? काही वर्षांपूर्वी मी एक आरएक्स १०० घेतली होती, अठरा हजारांत. विकणारा गोड बोलला, मी टाकी किती चमकतेय ते बघितलं आणि पैसे मोजून मोकळा झालो. सहा महिने दर रविवारी गॅरेजमध्ये. मग नावावर करायला गेलो, तेव्हा कळलं की इंजिनवरचा नंबर वेगळा आणि आरसी बुकातला वेगळा. संपलं! शेवटी ती पार्टच्या भावात सात हजारांना गेली. मधला खर्च तर मी बायकोला अजून पूर्ण सांगितलेला नाही. (आज वाचेलच म्हणा.)

त्यामुळे ह्या वेळी ठरवलं, आधी डोकं, मग मन. आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी टाकीकडे बघितलंसुद्धा नाही. बॅटरी घेऊन आधी चासीचा नंबर शोधला, मग इंजिनचा. दोन्ही आरसी बुकाशी ताडून पाहिले. जुळले! मग किक हाताने हळूहळू दाबत कॉम्प्रेशन आहे का ते पाहिलं. मागचं चाक धरून आडवं हलवलं, स्विंग आर्मचे बुश किती झिजलेत ते कळावं म्हणून. टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. आतून गंज.

“इंजिन जाम नाय,” ते म्हणाले. “पण सील सगळे गेले असणार. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, ऑइल, हवा सगळं आधी खालच्या क्रँककेसमध्ये जातं. सील वाळून कडक झालं की तिथून बाहेरची हवा खेचते, मग गाडी गरम होते, पिस्टन धरतो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला नुसती किक मारून पळवायची नाय. उघडायलाच लागतं.”

मग पानाची पिचकारी टाकून त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी खरं तर हा कॉलम लिहितोय.

“साहेब, चालवायला घेताय का उभी करायला?”

म्हणजे? म्हणजे असं. चालवायची असेल तर पैसा इंजिन, ब्रेक, टायर आणि वायरिंगवर जातो. दिसायला जुनाट राहिली तरी बिघडत नाही. उभी करायची असेल, म्हणजे फोटोसाठी, तर क्रोम, पेंट आणि ओरिजिनल पार्ट शोधण्यात पैसा जातो, आणि त्याला अंत नाही. नाना पेठेत हिंडा, बुधवार-रविवारी जुन्या बाजारात हिंडा, एखाद्या बॅजसाठी दोन महिने घालवा. बहुतेक जण दोन्ही एकदम करायला जातात आणि अर्ध्यात अडकतात. मी आरएक्सच्या वेळी नेमकं तेच केलं होतं.

मिस्त्रींनी कागदावर हिशेब मांडला. बोअर, पिस्टन, क्रँक, बेअरिंग, सील मिळून सोळा हजार. वायरिंग पाच. टायर-ट्यूब साडेपाच. ब्रेक, केबल, टाकीची सफाई चार. आरटीओचा आणि इन्शुरन्सचा खर्च सात धरला. झाले साडेसदतीस. गाडीचे पंचवीस मिळवले की साडेबासष्ट हजार, आणि ह्यात पेंट-क्रोमचा एक रुपया नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच! एवढ्या पैशात रोज सकाळी एका बटणावर चालू होणारी, चांगली वापरलेली बाइक येते. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून कोणी जुनी गाडी घेत असेल, तर त्याला प्रेमाने थांबवा.

आणि कागद? खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटरसायकलची ही फी २०२२ मध्ये तीनशेवरून हजार झाली, आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये दोन हजार. त्यावर पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी, म्हणून नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. काकांनी २००४ मध्ये नूतनीकरण केलं होतं, २००९ नंतर नाही. म्हणजे तपासणीला गाडी आरटीओत न्यायची तीही टेम्पोत घालून.

त्यात काका जाऊन चार वर्षं झाली. गाडी अजून त्यांच्याच नावावर. आधी मृत्यूचा दाखला आणि फॉर्म ३१ देऊन काकूंच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० भरून माझ्या. त्यासाठी दोन्ही मुलांचं ना-हरकत पत्र हवं. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी नाशिकला. आणि ह्याच बिल्डिंगमधल्या फ्लॅटवरून दोघांचं दोन वर्षं बोलणं बंद! काकू म्हणाल्या, “बघ बाबा तूच विचारून. मला आता त्यांच्या मध्ये बोलवत नाही.”

मी दोघांना फोन केला. मुलगा म्हणाला, “तिने केली की मी करतो.” मुलगी म्हणाली, “आधी त्याला करू दे.” गाडीचा सगळ्यात गंजलेला पार्ट टाकी नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. शेवटी मी दोघांना एकच फोटो पाठवला. आरसी बुकात ठेवलेली, काकांच्या अक्षरातली, कधी ऑइल बदललं त्याची यादी. काही लिहिलं नाही खाली. तीन आठवड्यांनी दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली. आपसात बोलले की नाही, ते मी विचारलं नाही.

राहिली बायको. तिला मिस्त्रींचा कागद दाखवला. तिने पूर्ण वाचला आणि म्हणाली, “ह्यात रविवार कुठे लिहिलेत?”

मी गप्प.

“लेक पहिल्यांदा चालली तेव्हा शनिवार होता, म्हणून तू होतास. पैशाचं मी बघेन. रविवारचं तू सांग.”

ह्याला उत्तर नव्हतं. मिस्त्रींच्या हिशेबातही नव्हतं. मग आम्ही बसून लिहून काढलं. महिन्यातले दोनच रविवार गॅरेजचे. एकूण खर्च पंचाहत्तर हजारांच्या वर गेला, तर जशी असेल तशी विकायची. क्रोम-पेंट पहिलं वर्ष नाही. ऑफिसला स्कूटरच. आणि पंचवीस हजार काकूंच्या हातात कधी, तर गाडी त्यांच्या नावावर झाल्यावर. तिने खाली सही केली, मीही केली.

तेव्हा मंडळी, परवडतं का? नंबर जुळत असतील, कागद सरळ होणार असतील, रोजच्यासाठी दुसरी गाडी असेल आणि घरच्यांनी रविवार मोजून दिले असतील, तर छंद म्हणून परवडतं. ह्यातलं एक जरी नसेल, तर दुसऱ्याच्या गाडीवर एक चक्कर मारून या. फुकट असते आणि मजा तेवढीच येते.

मागच्या महिन्यात गाडी काकूंच्या नावावर झाली. गेल्या रविवारी आम्ही तिला टेम्पोत चढवली. काकू जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, “चालू झाली की एकदा इथे आण हो. नुसता आवाज ऐकेन. मागे बसवू नकोस मात्र, पाठ धरते माझी त्या गाडीवर. चाळीस वर्षांत ह्यांना सांगून ऐकलं नाही.”

“काका गेले तेव्हा गाडी बत्तीस वर्षांचीच होती, काकू.”

“त्याआधी स्कूटर होती. तिच्यावरही धरायची.”