एक पावसाळा जाऊ द्या

सप्टेंबर संपत आला की मला परदेशातून फोन यायला लागतात. सिएटल, दुबई, मेलबर्न. शहरं वेगळी, वाक्य एकच: "काकू, डिसेंबरात येतोय. तोवर होईल ना सगळं?"

मी पुण्यात लोकांच्या नव्या घरांची शेवटची कामं करून घेते. बिल्डरनं किल्ली दिल्यापासून वास्तुशांतीला गुरुजी येईपर्यंतचं सगळं माझ्याकडे. बोहरी आळीतून बिजागऱ्या, तपकीर गल्लीतून दिवे, कात्रज-कोंढवा रस्त्यावर संगमरवराच्या दुकानात उन्हात उभं राहून दगडाच्या शिरा पाहणं, आणि सुतार, प्लंबर, रंगारी एकाच दिवशी एकाच खोलीत येऊन भांडणार नाहीत अशी व्यवस्था. मालक तिकडे, आईवडील इथे सत्तरीपुढचे, मधे मी.

माझं एक म्हणणं आहे, त्यापायी माझी कामं जातातही. नव्या घरावरून एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय रंगाचा शेवटचा हात मारू नये आणि बाहेरच्या भिंतींना चिकटवून महागडं लाकूडकाम करू नये. विमानाचं तिकीट डिसेंबरचं आहे म्हणून भिंत डिसेंबरात वाळत नाही.

तिकडच्या मंडळींना हे पटत नाही, त्याला कारण आहे. त्यांनी तिथे बांधलेलं घर बहुधा कोरडं असतं. अमेरिकेत लाकडी सांगाडा उभा करतात, त्यावर जिप्समचे बोर्ड ठोकतात, सांधे भरून घासतात आणि पाठोपाठ रंग. आपलं घर ओलं. काँक्रीट, विटा किंवा ठोकळे, सिमेंटचा गिलावा, फरशीखालचा माल, सगळं पाणी पिऊन उभं राहतं. गिलाव्यावर किमान आठवडाभर पाणी मारायचं आणि नव्या सिमेंटच्या भिंतीला २८ दिवस तरी रंग लावायचा नाही, हा साधा नियम. तोही फक्त वरच्या थराचा. बाथरूमखालच्या भरावात अडकलेलं पाणी बाहेर यायला महिने लागतात. घाईत रंग मारला की ती ओल रंगाला आतून ढकलते, पापुद्रे सुटतात, लोणा लागतो. मग फोन येतो, की रंग भिकार होता. रंगाचा काय दोष?

जुन्या पेठांतल्या वाड्यांना चुन्याचा गिलावा असे. चुना सावकाश मुरतो, त्यामुळे घाई करायची सोयच नव्हती. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इमारतींतसुद्धा मोझॅकची फरशी बसवून झाली की ती जागेवर घासून तिला पॉलिश करत. घरभर राखाडी चिखल. तो निघेस्तोवर सामान आणायचं कुणाच्या मनातही येत नसे. आता व्हिट्रिफाइड फरशी येते तीच चकाचक, बसवली की झालं. त्या चकाकीनं आपल्याला फसवलंय. फरशी तयार म्हणजे घर तयार, असं वाटायला लागलंय.

सध्या भिंती बहुतेक हलक्या ठोकळ्यांच्या असतात. ठोकळा काँक्रीटच्या खांबाला किंवा तुळईला जिथे भेटतो तिथे भेग पडते, कारण दोघांचं फुगणं-आकसणं वेगळं. म्हणून त्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारायची असते. मारली की नाही, हे किल्ली घेताना कुणालाच दिसत नाही. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला की भिंतच सांगते. खिडकीच्या चौकटीभोवतीचं सिलिकॉन नीट भरलंय का, हेही पाऊस आडवा आल्यावर कळतं. पुण्यात तो येतो पश्चिमेकडून, आणि बावधन, बाणेर, वारजे या बाजूंना हडपसरपेक्षा जास्त पडतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून बेडरूमचं कपाट करायचा हट्ट धरणाऱ्याला मी आधी जुलैत त्या भिंतीवर हात ठेवून बघायला सांगते.

पण जुलैत इथे कोण असतं? बावधनच्या एका फ्लॅटचा मालक सिएटलला. आमचं बोलणं रात्री साडेनऊला, त्याच्या सकाळी नऊला. हुशार मुलगा, स्वतः इंजिनीअर. फोनच्या पडद्यावर रंगाची छटा बघून म्हणाला, "काकू, हा आयव्हरी पिवळा दिसतोय." दिसणारच. खोलीत पिवळा दिवा लावला होता. पांढरा लावला तर तोच रंग निळसर झाला. छटा एक वेळ सांभाळता येते; बाथरूमचा उतार नहाणी ट्रॅपकडे आहे की दाराकडे, फरशी नाण्यानं ठोकल्यावर भरीव वाजते की पोकळ, कपाट उघडल्यावर कुबट वास येतो का, हे कुठल्या कॅमेऱ्यात येणार?

त्यानंच गप्पांत सांगितलं, की तिकडे घर घेतलं तेव्हा बिल्डरनं आधीच बजावलं होतं, पहिल्या वर्षी घर बसतं, बोर्डांच्या सांध्यांना बारीक भेगा जातील, खिळे वर येतील, सगळं लिहून ठेवा, वर्ष भरत आलं की एकदम दुरुस्त करून देऊ. तिथे कारागिरीची हमी बहुधा एक वर्षाचीच असते. मी म्हटलं, "अरे, कोरड्या घराला वर्ष देतोस आणि माझ्या ओल्या घराला पाच आठवडे?" तो हसला. तिकीट मात्र काढलेलंच होतं.

कायद्यानं आपल्याला तिकडच्यापेक्षा जास्त दिलंय, ते वापरत कुणी नाही. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा सेवांमध्ये दोष निघाला तर बिल्डरनं तो पैसे न घेता ३० दिवसांत दुरुस्त करायचा. पाच वर्षं! आणि आपण काय करतो? ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाथरूम फोडतो, छताला पीओपी लावतो, भिंती लॅमिनेटनं झाकतो. मग ओल आली की बिल्डर आपल्याच कामाकडे बोट दाखवतो. त्यात तो दर वेळी खोटं बोलतो, असंही मला म्हणवत नाही. पहिला पावसाळा भिंती उघड्या ठेवल्या तर दोष कुणाचा, यावर वादच उरत नाही.

तोच कायदा भोगवटा प्रमाणपत्र आल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यायलाही सांगतो. म्हणजे ताबा घेणं तुमच्या सुट्टीच्या वेळापत्रकावर नाही. त्यासाठी इथल्या कुणाला कुलमुखत्यारपत्र द्यावं लागतं. वकिलातीत साक्षांकित करून पाठवलेला कागद इथे पोचल्यावर तीन महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे बऱ्याच घरांत टेबलाच्या खणातच राहून जातं. आणि सहीचा अधिकार देता, तर नाही म्हणायचाही द्या. बाथरूममध्ये दोन दिवस पाणी तुंबवून खालच्या मजल्यावर गळतंय का ते पाहिल्याशिवाय सही करणार नाही, असं वडील म्हणाले तर मुलानं तिकडून "बाबा, करून टाका ना" म्हणू नये.

भाड्याचं काय, हप्त्याचं काय, असं मला विचारतात. बरोबर आहे, रिकामं घर कुणाला परवडतं? पण मी घर रिकामं ठेवायला सांगतच नाही. पहिल्या डिसेंबरात जरूर या. प्रायमर आणि रंगाचा एक हात झालेला असेल, नळ, दिवे, ओटा सगळं चालू असेल. वास्तुशांत करा, गुरुजी भिंतीची छटा विचारत नाहीत. आईवडील राहायला जाऊ देत. पावसाळ्यात दार फुगलं, तर कुठून तासायचं ते सुताराला कळेल. उरलेले पैसे दुसऱ्या डिसेंबरासाठी बाजूला ठेवा.

या पैशांबद्दल माझं आणि बहुतेक मालकांचं पटत नाही. शेवटचे दहा टक्के अडकवून ठेवले की कारागीर शेवटचं काम नीट करतो, असा समज आहे. प्रत्यक्षात तो ते दहा टक्के बुडीत धरून पुढच्या साइटवर जातो. कारण फिनिशिंगचा वेळ त्याच्या चौरस फुटाच्या दरात धरलेलाच नसतो. एका खिडकीभोवतीची पुट्टी परत घासायला अर्धा दिवस जातो, त्याचे चौरस फूट किती भरणार? शेवटची कामं रोजानं द्यावीत, परत येण्याचे पैसे वेगळे ठरवावेत. मी तसंच करते आणि माझा रंगारी परत येतो.

तोही कधी येतो, हे ध्यानात घ्या. सुतारकाम इथे मोठ्या प्रमाणात राजस्थानची माणसं करतात, ती दिवाळीला गावी जातात. रंगारी आणि फरशीवाल्यांत उत्तर प्रदेश-बिहारची पुष्कळ, ती छठपूजा उरकून परततात. म्हणजे सप्टेंबरात ठरवलेल्या कामाला नेमक्या गर्दीच्या आठवड्यांत हात नसतात, आणि पौष लागायच्या आतला मुहूर्त गाठायला जो मिळेल त्याला धरून आणावं लागतं. अशा वेळी मिळणारा माणूस रिकामा का होता, हे मी त्याला विचारत नाही. उतार काढून दाखव म्हणते, आणि बहुतेकदा परत पाठवते.