काकू, याला थोपटावं लागतं!

सकाळी साडेसातला डोंबिवलीतल्या एखाद्या पाळणाघराच्या दारात क्षणभर उभे राहून पाहावे. आई पिशवी पुढे करते, 'काकू, थोपटल्याशिवाय झोपत नाही हं हा,' एवढे सांगून लोकलकडे धावते. काकूंच्या अंगावर आठ पोरे. एकाला मांडीवर घेऊन बसल्या, तर उरलेली सात रडणार! म्हणून त्या साऱ्यांना सतरंजीवर ओळीने निजवतात. संध्याकाळी आईला वाटते, इथे माया नाही. काकूंना वाटते, घरच्यांनी फार लाडावलेय.

खरे तर चूक कुणाचीच नाही. एका घरी आजी टाळू भरते, चिऊ-काऊचे घास भरवते. दुसऱ्या घरी मूल सांडत-लवंडत आपल्या हाताने जेवते. कुठे ते आईच्या कुशीत झोपते, कुठे वेगळ्या पाळण्यात. हा अडाणी-शहाण्याचा भेद नव्हे. एका घराला मूल आधी सर्वांचे व्हावेसे वाटते, दुसऱ्याला ते आधी स्वावलंबी व्हावेसे वाटते.

काही बाबतींत मात्र भीड नको. पहिले सहा महिने आईचेच दूध, वरचे पाणी वा गुटी नाही. वर्षाच्या आत मध नाही. डोळ्यांत काजळ नाही. डॉक्टरांचे हे सांगणे आजीनेही ऐकावे आणि काकूंनीही. बाकीचे सारे बोलून ठरवण्यासारखे असते.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. मुलाच्या घराकडे आधी संस्थेने पाऊल टाकायचे, हा त्यातला धडा.

२०१७ च्या कायदा-दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. पण आई आणि काकू यांच्यातला संवाद कोणता कायदा घडवणार? पहिल्या दिवसाआधी काकूंना घरी चहाला बोलवावे. बाळ कसे निजते, काय खाते, हे त्यांनी पाहावे. आठ मुलांत आपल्याला काय जमणार नाही, हेही मोकळेपणी सांगावे. आणि आपण ते मान राखून ऐकावे. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याला अजून बोलता येत नाही. त्याच्या वतीने या दोघींनीच एकमेकींशी बोलायला हवे.