जुन्या यंत्राचे मोल : आधी कारागीर, मग किंमत

पावसाळा सुरू झाला की बेंगळुरूच्या वसाहतींतून, कारखान्यांच्या आवारांतून आणि शहराबाहेरच्या नारळीच्या बागांतून गवत कापणाऱ्या छोट्या इंजिनांची घरघर ऐकू येऊ लागते. गवत कापण्याचे यंत्र, फवारणी यंत्र, पाण्याचा पंप, दुकानापुढचे लहान जनित्र, पॉवर टिलर ही सारी यंत्रे आकाराने लहान. परंतु त्यांच्यावर अवलंबून असलेला संसार लहान नसतो. नवे यंत्र परवडत नाही म्हणून अनेक कष्टकरी जुन्याकडे वळतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र बहुतेक ग्राहक आधी किंमत विचारतात आणि दुरुस्तीचा विचार यंत्र बंद पडल्यावर करतात. हा क्रम उलटा व्हावयास हवा. जुन्या यंत्राचे खरे मोल त्याच्या लोखंडात नसून, ते पुन्हा चालू करणारा कारागीर आणि त्याचे सुटे भाग किती जवळ आहेत यात असते.

दुरुस्तीची परंपरा

या बाबतीत बेंगळुरू भाग्यवान शहर आहे. संगणकनगरी ही त्याची आजची ओळख असली, तरी त्याआधीपासून ते यंत्रांचे शहर आहे. किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी येथे १९४६ मध्ये उभी राहिली. जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर बनविणारी व्हीएसटी कंपनी १९६७ मध्ये येथेच स्थापन झाली. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लहान-मोठ्या यंत्रशाळांचे जाळे विणले गेले. एस. पी. रोड या नावाने ओळखला जाणारा सादर पत्रप्पा रस्ता आणि जवळचा जे. सी. रोड येथे सुट्या भागांच्या दुकानांची रांग आहे. अन्यत्र भंगारात जाणारे इंजिन येथे पुन्हा उभे राहू शकते, ते या व्यवस्थेच्या बळावर.

मराठी वाचकाला या परंपरेचे अगत्य वाटावे असे आणखी एक कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावातील सायकलच्या दुकानापासून झाला. हाताने यंत्र उघडून पाहणाऱ्या माणसाकडूनच पुढे यंत्र घडविणारा समाज तयार होतो, याची ही साक्ष आहे.

खरेदीपूर्वीची परीक्षा

जुने इंजिन तपासण्यास फार मोठी विद्या लागत नाही. लागतो तो संयम. यंत्र पाहावयास जाताना ते थंड असावे, असे विक्रेत्याला आधीच सांगावे. तापवून ठेवलेले इंजिन सहज सुरू होते. त्याचा खरा स्वभाव थंड असतानाच कळतो. चालू करण्याची दोरी सावकाश ओढल्यावर हाताला स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. तो जाणवत नसेल, तर पिस्टन रिंग किंवा सिलिंडर झिजल्याची शंका घ्यावी. स्पार्क प्लग काढून पाहावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन ठीक आहे; काजळीने काळे झाले असल्यास इंधनाचे प्रमाण बिघडले आहे. ऑइल वेगळे भरण्याच्या चार स्ट्रोक इंजिनातून निळसर धूर येत राहिला, तर ऑइल जळत आहे असे समजावे. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवितो. हा दोष मात्र थोड्या खर्चात दूर होतो. तेवढ्यावरून चांगले यंत्र नाकारू नये.

अलीकडे इंधनाचाही विचार करावा लागतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा आरंभ ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूतच झाला आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या यंत्रांतील काही रबरी नळ्या व पडदे त्याने लवकर खराब होतात. म्हणून खरेदीनंतर नळ्या आणि गॅस्केट तपासून घ्यावीत आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवावी. पात्याचे संरक्षक आवरण नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी तसेच वापरू नये. खरेदीची पावती आणि इंजिन क्रमांक यांचा आग्रह धरावा, म्हणजे चोरीचा माल पदरी पडणार नाही.

हिशेबाची दुसरी बाजू

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण जुन्या यंत्राला चपखल लागू पडते. पण नेहमीच नाही. समजा, गवत कापण्याचे नवे यंत्र २४,००० रुपयांना आणि जुने ९,००० रुपयांना मिळते. जुन्याची ३,००० रुपयांची दुरुस्ती निघाली आणि सुटा भाग मिळेपर्यंत ऐन हंगामातील दहा दिवस गेले. रोजची कमाई १,००० रुपये धरली, तर ते यंत्र एकंदर २२,००० रुपयांना पडले. तेच काम जवळच्या कारागिराने एका दिवसात करून दिले असते, तर खर्च १३,००० रुपयांवर थांबला असता. यंत्र तेच, बिघाड तोच. फरक ९,००० रुपयांचा, म्हणजे जणू आणखी एका जुन्या यंत्राच्या किमतीचा. ज्या गावात कारागीर नाही आणि सुटे भाग मिळत नाहीत, तेथे कर्ज काढून नवे घेणेच शहाणपणाचे. जेथे दोन्ही आहेत, तेथे जुने घेणारा व्यवहारचतुर ठरतो.

बँकेने काय करावे?

जुन्या यंत्राला निश्चित बाजारभाव नसतो, त्याचे तारण कमकुवत असते, ही बँकांची अडचण खरी आहे. परंतु मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटातील ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज मुळातच तारणावर उभे नाही. ते कर्जदाराच्या कमाईवर उभे आहे. मग त्या कमाईचा कणा असलेल्या दुरुस्तीचा विचार कर्ज देताना का होऊ नये? अर्जाची छाननी करताना ‘यंत्राची किंमत किती?’ या प्रश्नासोबत ‘ते बिघडल्यास कोण दुरुस्त करील?’ हाही प्रश्न विचारला जावा. दुरुस्तीच्या खर्चासाठी कर्जातच थोडी तरतूद असावी. ती नसल्यामुळे कर्जदार हंगामात उसनवारीकडे वळतो आणि हप्ता थकतो तो तेथेच.

कारागिराकडेही लक्ष जावयास हवे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार, कुलूप दुरुस्त करणारे यांसह १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. छोट्या इंजिनांचा मिस्त्री त्यांत नाही. मुद्रा योजनेचे दार मात्र दुरुस्तीच्या दुकानाला खुले आहे. एका मिस्त्रीला हत्यारे आणि सुट्या भागांचा साठा यांसाठी दिलेले कर्ज त्याच्या परिसरातील कितीतरी यंत्रधारकांचे हप्ते सुरक्षित करते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावरील संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारेही समाविष्ट आहेत. माहितीचा हा मार्ग ग्राहकापर्यंत नेण्यास शाखेतील कर्मचाऱ्याचे दोन शब्दही पुरेसे ठरतील.

प्रत्येक जुने यंत्र वाचवावे, असा याचा अर्थ नव्हे. धूर ओकणारे, हात-पाय धोक्यात घालणारे यंत्र भंगारातच गेलेले बरे. परंतु दोन रबरी नळ्या आणि एका प्लगसाठी कुणाचा हंगाम बुडणे हा केवळ त्या कुटुंबाचा तोटा नाही; तो बँकेचाही आहे. पुढचा हंगाम तोंडावर येण्यापूर्वी ग्राहकाने आपल्या मिस्त्रीची आणि शाखेने आपल्या परिसरातील मिस्त्रींची ओळख करून घेतली, तर जुन्या यंत्रांवर उभे असलेले अनेक संसार अधिक निश्चिंत होतील.