संदर्भसूची टायपिंगवाल्याच्या भरवशावर नको

प्रबंध सादर करायला महिना उरला की संशोधक ग्रंथालयात येऊ लागतात. हातात वहीची सुटी पानं, मोबाइलमध्ये काढलेले फोटो आणि एकच विनंती: ‘मॅडम, संदर्भसूचीचं तेवढं बघाल का?’ कुणी ते काम टायपिंगवाल्यावर सोपवून मोकळं झालेलं असतं. मग एका पुस्तकाचा प्रकाशक गायब, दुसऱ्याची आवृत्ती, तिसऱ्याचा पृष्ठक्रमांक. आणि पुस्तक तर कधीच परत गेलेलं असतं.

महाविद्यालयाची ग्रंथपाल म्हणून माझं म्हणणं साधं आहे. संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर पीएच.डी.च्या पहिल्याच महिन्यात वापरायला शिकवा. पैशाची सबब चालणार नाही. इतिहासाच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली सुरू केलेलं ‘झोटेरो’ आजही फुकट मिळतं. लेख सापडला की एका क्लिकवर नोंद होते, वर्डमध्ये लिहितानाच तळटीप पडते, शेवटची सूची आपोआप तयार होते. मार्गदर्शकांनी ऐनवेळी ‘एपीए नको, एमएलए करा’ म्हटलं, तरी रात्र जागवावी लागत नाही.

मराठीत काम करणाऱ्याचं मात्र एवढ्यावर भागत नाही. नव्या इंग्रजी लेखाची माहिती डीओआय टाकला की येते. जुन्या मराठी पुस्तकाला आयएसबीएनसुद्धा नसतो. नोंद हातानंच भरायची, आणि गोम तिथेच आहे. शीर्षकपृष्ठावर ‘शके १८२०’ छापलेलं असतं. विद्यार्थी वर्षाच्या चौकटीत १८२० टाकतो. सॉफ्टवेअरला शक-संवत कळत नाही, त्यामुळे १८९८ चं पुस्तक ७८ वर्षं मागे जातं आणि लेखकाच्या जन्माआधी छापून येतं. नावांचं तेच. ‘वि. का. राजवाडे’, ‘विश्वनाथ काशिनाथ राजवाडे’, ‘इतिहासाचार्य राजवाडे’ असं भरलं, की एकाचे तीन लेखक होतात. ‘कुसुमाग्रज’ या नावाला आडनाव कुठून आणणार? त्यासाठी नाव-आडनाव एकाच चौकटीत भरायची सोय आहे, पण ती कुणी दाखवलेलीच नसते.

‘असल्या साधनांनी पोरं आळशी होतात,’ असं काही प्राध्यापक म्हणतात. मला ते पटत नाही. स्वल्पविराम आणि कंस घालण्यात कसली आली आहे विद्वत्ता? विद्वत्ता आहे ती पुस्तक समोर ठेवून साल, आवृत्ती, संपादक पडताळण्यात. शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची ‘मराठी ग्रंथसूची’ संगणकाविना झाली. एखाद्या जुन्या पुस्तकाचं साल अडलं की मी आजही तीच उघडते. तिथे सापडलेलं साल झोटेरोत एकदा नीट भरलं, की प्रबंधभर ते बरोबरच येतं.

यूजीसीनं पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आणला आहे. त्यातलं एक प्रात्यक्षिक ग्रंथालयात व्हावं: प्रत्येकानं पुस्तक हातात घेऊन वीस नोंदी करायच्या, त्यातल्या निम्म्या मराठी. पुढे प्रत्येक प्रगती अहवालासोबत मार्गदर्शकांनी ही वाढती सूची मागावी आणि त्यातल्या चार-दोन नोंदी स्वतः तपासाव्यात. उतारा चोरलेला आहे का, हे शेवटी शोधायला आपण यंत्रणा उभी केली आहे. तो कुठून घेतला हे सुरुवातीलाच नोंदवायला शिकवणं त्याहून कितीतरी सोपं आहे.